पंचाची शिट्टी

सोमवार, ता. ४ जानेवारी

आज माल आला. नोंद अशी:

जाकिटं बंदुकांसह बारा, वापरलेली: १,८०,०००
धुराचं यंत्र एक, तेही वापरलेलं: ९,५००
धुराच्या पाण्याचे कॅन चार: ६,०००
काळं कापड, एक तागा: ४,२००
चमकता रंग, पाच डबे: ३,७५०
शिट्टी, दोरीसह: ४५
हमाली: ६०० (आठशे मागत होते)

कारखाना बंद झाला तेव्हा यांना जी रक्कम हातात मिळाली, ती बँकेत ठेवा म्हणून मी परोपरीने सांगितलं. यांनी ऐकलं नाही. लेझर टॅग म्हणून खेळ आहे म्हणे, मोठमोठ्या गावांत त्याला रांगा लागतात. फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर भाड्याने घेतलं. एक जिना, खिडकी नाही. अंधारात जाकिटं घालून पळायचं आणि एकमेकांवर उजेडाच्या बंदुकीने नेम धरायचा. नेम लागला की जाकिटाचे दिवे विझतात. पाच म्हणेपर्यंत तो माणूस मेलेला, मग दिवे पेटतात आणि तो परत पळायला मोकळा.

मारामारीच्या खेळाचा धंदा नको, असं मी म्हटलं. त्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, इथे मेलेला माणूस पाच अंकांत उठतो. असला खेळ देवालासुद्धा पसंत पडेल."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. शाळेत कवायत शिकवायचे. शाळेने कवायतीचा तासच काढून टाकला, तेव्हापासून आमच्याकडेच असतात. लोकांकडे घरजावई असतो, तुमच्याकडे घरदीर आहे, असं स्वतःच म्हणतात. खेळात पंच म्हणून तेच आत राहणार. दुकानमालकाची अटच आहे की प्रत्येक खेळाला एक जाणता माणूस आत हवा, नाहीतर कुलूप. शिट्टी गळ्यात अडकवून दिवसभर घरात वाजवत फिरले. म्हणाले, जुन्या बाजारात मला एकट्याला नवी वस्तू मिळाली.

काउंटरच्या कोपऱ्यात देवाची तसबीर लावली.

शनिवार, ता. ९

उघडलं. देवाची कृपा, पहिल्याच दिवशी चार खेळ झाले.

नोकरमाणसं अशी: जाकिटं चढवायला-उतरवायला दोन कॉलेजकुमार, काउंटरवर एक मुलगी, आत भाऊजी. हे बाहेर शाळा-कचेऱ्यांत पत्रकं वाटत फिरणार. जाकिटं पुसणं, पट्टे धुणं, हिशोब हे माझ्याकडे. काउंटरवरच्या मुलीला बोलताना पेनचं बटण दाबत राहायची सवय आहे, म्हणून भाऊजींनी तिचं नाव टिकटिक ठेवलं. तीही हसते.

भाऊजी खेळाआधी पोरांना रांगेत उभं करून नियम सांगतात. पळताना मान वर, बंदूक दोन हातांत, ढकलाढकल नाही, शिट्टी वाजली की पुतळा. आवाज असा की वर फर्निचर बघायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा सरळ उभं राहील.

धूर मात्र लागतोच. धूर नसला तर बंदुकीची लाल रेघ दिसत नाही आणि रेघ दिसली नाही तर खेळात राम नाही. हवा ओढायचा पंखा लावला तर तो धूरच ओढून नेतो, म्हणून तो बंद ठेवायचा.

रविवार, ता. १७

गर्दी झाली आणि एका दिवसात अर्धा कॅन संपला. या गतीने आम्ही धुरासाठीच धंदा करतोय असं होईल. यांना मी बोलले. यांचा पारा चढला. म्हणाले, "तुला धूरही मोजून द्यायचा असेल तर आजच कुलूप लावतो." पत्रकं भिरकावली आणि जेवले नाहीत. भाऊजी मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

त्यात एक कॉलेजकुमार गेला. परीक्षा आहे म्हणाला. दुसऱ्याला मोठ्या दुकानात नोकरी लागली. माणसं उन्हातल्या कापरासारखी उडतात. आता जाकिटं चढवायलाही भाऊजी आणि आत पळायलाही भाऊजी.

गुरुवार, ता. २८

आज सकाळी पूजा करताना एक गोष्ट सुचली. ती देवानेच सुचवली असं मी मानते. धुपाटण्यातून धूर निघत होता आणि खिडकीच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा त्यात दोरीसारखा ताणून दिसत होता. म्हटलं, हेच तर आपल्याला हवंय.

हे बाहेर गेल्यावर मी भाऊजींना घेऊन तळघरात गेले. लोखंडी पाटीत निखारे घेतले, त्यावर धूप टाकला, पाटी खेळातल्या आडोशाच्या लाकडी भिंतीमागे ठेवली. थोड्या वेळाने भाऊजींनी बंदूक चालवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ, यंत्रापेक्षा ठसठशीत. अंगावर काटा आला. मूठभर धुपात दिवस निघेल.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरं देवळात लढल्यासारखं वाटेल हो." मग खोकले. मी विचारलं, त्रास होतोय का. म्हणाले, "पहिलाच दिवस आहे, होईल सवय."

यांना सांगायचं नाही असं ठरलं. काटकसर म्हटली की यांना आपला कमीपणा वाटतो. यंत्र नुसतं घुरघुरत ठेवायचं, लोकांना वाटेल धूर त्याचाच. ही लबाडी आहे का? नसावी. धूर तो धूर. शिवाय पवित्र.

शनिवार, ता. ६ फेब्रुवारी

चांगलं चाललंय. एका बाईंनी विचारलं, आत वास किती प्रसन्न येतो, कसला आहे? मी हसून वेळ मारून नेली. कॅन तसेच आहेत. रात्री हिशोब लिहिताना बरं वाटतं. कारखाना बंद झाल्यापासून कधी नव्हे ते हे म्हणाले की बाई, तू आहेस म्हणून.

भाऊजींना खोकला झालाय. थंड पाणी पितात, सांगून ऐकत नाहीत. आल्याचा काढा करून दिला. नाक चिमटीत धरून लहान मुलासारखा प्यायले. म्हणाले, "वहिनींचा काढा म्हणजे खोकल्याने स्वतःहून राजीनामा द्यावा असा."

मंगळवार, ता. १६

टिकटिक गेली. म्हणे डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी घरी गेलं की केसांना धुराचा वास येतो आणि आई विचारते. धुपाचा वास केसांना येतो ही काय तक्रार झाली? आजकालच्या मुलींना देवाधर्माची एवढी ॲलर्जी. पगार चुकता केला. जाताना भाऊजींना म्हणाली, "सर, तुम्ही पण बघा काहीतरी दुसरं." मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. वर्तमानपत्रातून एक माणूस मिळाला होता, तो दोन दिवसांत पळाला. आता काउंटरवर मी.

मी तिथे बसल्यापासून घरी स्वयंपाक धावपळीचा होतो, जप राहतो. जप राहिला की मन लागत नाही आणि मन लागत नाही म्हणून देवापुढे बसता येत नाही. असं गोल गोल चाललंय.

मंगळवार, ता. २३

भाऊजींचं काहीतरी बिनसलंय. दोन खेळांच्या मध्ये जिन्यावर जाऊन बसतात. वरून बोलवावं लागतं. आत पूर्वीसारखे पळत नाहीत, दाराशी उभे राहतात. परवा दोन पोरं एकमेकांवर आपटली, एकाचा ओठ फुटला. त्याचे वडील यांना नाही नाही ते बोलले. शिट्टी का नाही वाजवली, असं मी विचारलं. शिट्टी बिघडली आहे, आवाजच निघत नाही, म्हणाले. पंचेचाळीसची वस्तू दोन महिने टिकली नाही. दुसरी आणा म्हटलं तर म्हणाले, राहू दे वहिनी, मी टाळ्या वाजवीन.

आज कचेरीतल्या लोकांची मोठी पार्टी होती. सकाळी मी निखारे तयार करत होते, तर भाऊजी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "आजच्या दिवस ते कॅनचं पाणी वापरू या का?"

मी म्हटलं, कॅन संपले तर परत आणायचं बोलणं यांच्याकडे तुम्ही काढणार आहात का?

"बरं. राहू दे," म्हणाले आणि पाटी माझ्या हातातून घेऊन स्वतःच आत नेऊन ठेवली.

आणखी एक नवीन खूळ. रोज सकाळी चहा घेऊन जाते तर खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेले असतात, पुढे टेबलावर दोन उशा, त्यांवर डोकं. गादी घातलेली तशीच. विचारलं तर म्हणतात, आडवं झालं की उठवत नाही वहिनी, खेळाला उशीर होतो.

सोमवार, ता. १ मार्च

यांचं आणि भाऊजींचं आज वाजलं. सख्खे भाऊ एकमेकांशी इतकं बोललेले मी पाहिले नव्हते. म्हणजे हेच बोलले. शाळा सुटायच्या दिवसांत सगळी कमाई, आणि तू पाय ओढत चालतोस, असं. भाऊजी एवढंच म्हणाले की दादा, मी आहे ना.

देवा, माणूस दे. बाकी काही मागत नाही. आत उभा राहील असा एक माणूस दे.

शनिवार, ता. ६

आज दोन गोष्टी बिनसल्या.

आधी जाकिटांचं. आठवडाभर तक्रारी येताहेत की नेम लागला तरी दिवे विझत नाहीत. आज तर वाढदिवसाच्या पार्टीत निम्मी जाकिटं मरायलाच तयार नाहीत. पोरं ओरडू लागली, ते खोटं खेळतायत, खोटं खेळतायत. अर्धे पैसे परत द्यावे लागले. जुना माल गळ्यात मारला म्हणून यांनी विकणाऱ्याला फोनवर शिव्या दिल्या. दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो.

हे सगळं चालू असताना आतल्या कॅमेऱ्याचं दिसतं त्या काउंटरवरच्या पडद्यात मी बघते तर भाऊजी आत जमिनीवर बसले आणि मग आडवेच झाले. पंचाचं पांढरं जाकीट चमकत होतं. पोरांना वाटलं खेळच आहे. सगळी भोवती जमली, त्यांच्यावर बंदुका चालवायला लागली आणि मोठ्याने अंक मोजायला लागली. पाच झाले. उठले नाहीत. पोरांनी परत एकपासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा मोजत होती तेव्हा एका पोराच्या हाताला धरून उठले, हसले, पोरांच्या डोक्यावर थापा मारल्या.

बाहेर आईबाप उभे, पैसे परत मागणारे उभे, आणि हा कवायतीचा मास्तर पोरांत लोळतोय. माझा तोल गेला. ते बाहेर आल्यावर सगळ्यांच्या देखत म्हटलं, "घरचं जेवण फार अंगी लागलंय भाऊजी. झोपायला दुसरी जागा बघा."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, लाज वाटली असेल. "चुकलंच वहिनी," एवढंच म्हणाले. शिट्टी गळ्यातून काढून काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली.

सोमवार, ता. ८

भाऊजी गेले. सकाळच्या बसने, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या वन्संकडे. हवा बदलायला जातो, असं यांना म्हणाले. मला वाकून नमस्कार केला. मी पाठ वळवून भांडी घासत होते. आशीर्वाद दिला की नाही, आठवत नाही.

नेमकं हंगामाच्या तोंडावर. ज्याला इतकी वर्षं ताटात वाढलं तो माणूस एका शब्दाने निघून जातो.

त्यांची खोली झाडली. टेबलावरच्या उशा गादीवर ठेवल्या.

शुक्रवार, ता. १२

पंच नाही म्हणून खेळ नाही. कुलूप लावून बसलो आहोत. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आलेली गिऱ्हाइकं जिन्यावरून परत जातात, त्यांच्या पावलांचा आवाज ऐकते. पोथी उघडते, त्याच पानावर मिटते. देवाशी माझं भांडण नाही, पण बोलणंही नाही.

भाऊजींचा फोन बंद. वन्संना कमी ऐकू येतं, त्या फोन उचलत नाहीत. काल पत्र टाकलं. त्यात रागाचं एक वाक्य लिहिलं होतं, तसंच राहू दिलं.

गुरुवार, ता. १८

दुरुस्तीवाला आला. वयाने माझ्या भावाएवढा, कमी बोलणारा. एक जाकीट खोललं. छातीवर बिल्ल्यासारखी काच असते, तिच्यावर नेम पडतो. त्याने कापसाला औषध लावून ती काच पुसली आणि कापूस माझ्यापुढे धरला. डांबर लागल्यासारखा काळा, चिकट.

"ताई, आत काय जाळता?"

मी म्हटलं, जाळत काही नाही. थोडा धूप घालते.

तो रागावला नाही. दुसरं जाकीट घेतलं, मग तिसरं. बाराही तशीच. म्हणाला, वस्तू काही बिघडलेल्या नाहीत, काजळी धरली आहे, साफ केल्या की चालतील. मग पंख्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. "खिडकी नाही. दिवसभर आत कोण असायचं?"

"माझे दीर."

त्याने कापूस कागदात गुंडाळला. "त्यांची छाती कुणाला दाखवली का?" म्हणाला.

तो गेल्यावर मी पाटीभर पाणी आणि धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आत गेले. दाराजवळची भिंत, जिथे भाऊजी टेकून उभे राहायचे, ती पुसली. रंगाखालून रंग निघावा तसा आधीचा रंग निघाला. फक्त एका माणसाच्या पाठीएवढी जागा कमी काळी होती.

काउंटरपाशी येऊन बसले. मनाला सांगितलं, धूप देवाचा असतो. देवापुढे आयुष्यभर जाळला, कधी कुणाला बाधला नाही. मग खिळ्यावरची शिट्टी दिसली. बिघडलेली. काढून घेतली, पदराने पुसली, आणि काय मनात आलं कोण जाणे, तोंडाला लावून फुंकली.

तळघर दणाणलं. वरून फर्निचरवाला धावत खाली आला, काय झालं म्हणून.

शिट्टी ठणठणीत आहे.

शुक्रवार, ता. १९

यांना सगळं सांगितलं. धूपही, कॅनही, मी बोलले तेही. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठून भाऊजींच्या खोलीत गेले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

आज देवापुढे नुसता दिवा लावला.

शनिवार, ता. २७

पहिल्या पत्राला उत्तर नाही. हे तिकडे जायला निघाले होते, पण वन्संच्या शेजाऱ्यांकडून फोनवर निरोप आला की कुणी येऊ नये. निरोप कुणाचा, भाऊजींचा की वन्संचा, ते शेजाऱ्याला सांगता आलं नाही. भाऊजी तिथे आहेत ना, असं यांनी विचारलं, तेवढ्यात फोन तुटला. परत लागला नाही.

आज दुसरं पत्र लिहिलं. जे बाहेर जातं त्याची नक्कल ठेवायची सवय आहे, म्हणून इथे उतरवते.

"ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाकावं. त्यातलं एक वाक्य वाईट होतं.

भाऊजींचा खोकला थंड पाण्याचा नव्हता. मी तळघरात धूप जाळत होते आणि ते दिवसभर त्यात उभे असत. डॉक्टरांना हे जरूर सांगावं, म्हणजे औषध नेमकं देता येईल. निखाऱ्यावर, बंद जागेत, जानेवारीच्या शेवटापासून. धूप साधाच होता, कोपऱ्यावरच्या दुकानातला. एक पुडी टपालाने वेगळी पाठवते आहे, तपासायची असली तर.

जाकिटं, यंत्र सगळं विकायला काढलं आहे. जे येईल ते त्यांच्या औषधाला. तुम्ही नको म्हणाल तरी पाठवीन.

एक गोष्ट मला अजून उमगत नाही. त्रास होत होता तर ते मला बोलले का नाहीत? मी काही परकी नव्हते. एकदा फक्त म्हणाले होते, आजच्या दिवस कॅनचं पाणी वापरू या का. नंतर पाटी स्वतःच उचलून आत नेली. तुम्हाला काही सांगितलं असेल तर मला कळवू नका. नाही, कळवाच.

त्यांची शिट्टी माझ्याकडे आहे. चांगली आहे. त्यांना वाटत होतं बिघडली आहे.

तुम्ही माझ्यावर रागावला असाल, ते बरोबर आहे. मोठं पत्र लिहू नये, माझं नावही वर घालू नये. फक्त एवढं कळवावं की भाऊजी रात्री आडवे होऊन झोपतात, की अजून बसूनच. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं कार्ड सोबत ठेवलं आहे. एका शब्दात लिहिलं तरी मला समजेल. उलट टपाली कळवावं."